शेजारची सीट

दारव्हा रोडवर, फाट्याच्या अलीकडे
आईचं दुकान : बेबीनंदा कुशन वर्क्स.
ट्रॅक्टर, ऑटो, काळीपिवळी, एकदा तर
डॉक्टर ढोबळ्यांची दात काढायची खुर्ची.
मी फोम कापायचे, खिळे मोजायचे,
रेक्झिनच्या वासाला कंटाळायचे.

मार्चमध्ये टेम्पोतून ती उतरली.
एमजीए. सन अठ्ठावन्न.
झंवरांच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या गोदामात
तीस वर्षं पडून होती.
बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या रिकाम्या जागी
उंदरांचं बाळंतघर, रुईचं अंथरूण.
नागपूरचा नातू म्हणाला,
इंजिन मागाहून. आधी सीटा.

दाराला बाहेरून हँडल नाही.
मी चाचपत राहिले.
आईनं वरून आत हात घातला,
एक दोरी ओढली.
"तुले कसं मालूम?"
"दार हाय ना. कुठून तरी उघडंनच."

त्या रात्री मोबाईल उशाशी तापला.
जुळे कार्बोरेटर, सीटांच्या मागे
सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या,
जॅग्वार, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली;
नावं मी लिमलेटच्या गोळीसारखी
या गालातून त्या गालात.
सकाळी आईला सगळं धडाधड सांगितलं.
दातात दोरा धरून ती "हूं" म्हणाली.
मग, "इकडं ये. हात लाव."

ड्रायव्हरची सीट उसवली होती.
स्प्रिंगा दबलेल्या, डावीकडून जास्त,
काथ्याचा भुगा.
"वजनदार मानूस. डाव्या ढुंगणावर टेकून बसे.
उजव्या खिशात मोठं पाकीट असंन."
मग शेजारची उसवली.
स्प्रिंगा ताठ. काथ्या कोरा, पिवळा,
शिलाईचा दोरासुद्धा कुठं ताणलेला नाही.
आई जरा वेळ कात्री वाजवत राहिली.
"इथं कोनी बसलंच नाही, बाप्पा."

हे मोबाईलमध्ये नव्हतं.
तिथं नुसता वेग होता,
आणि कुठल्यातरी समुद्राकाठचा रस्ता.

चाळीस दिवस. बाहेर शेहेचाळीस डिग्री.
कूलरला पाणी, मशीनला तेल, दोन्ही माझ्याकडे.
जुन्या पेपरावर फर्मे काढले.
कातडं वाळल्या बोराच्या रंगाचं,
वळणावर ओलं करून ओढायचं,
रागात ओढलं की सुरकुती पडते.
तीनदा पडली.
आईनं तीनदा उसवलं, काही न बोलता,
ते बोलण्यापेक्षा वाईट.

न्यायला येणार त्याच्या आदल्या रात्री
सीटा बसवल्या. आईनं शटर अर्धं ओढलं.
"बस. तू चालव."
चपला बाहेर काढून
ती शेजारी बसली, पदर सावरून,
साठ-पासष्ट वर्षांत तिथं बसणारी पहिली.
मी स्टिअरिंग धरलं.
तोंडानं आवाज काढायची लाज वाटली,
गिअर मात्र टाकला.
"कुठं जायचं?"
तिला हे कोणी विचारलं नसावं,
खूप वेळ लागला.
"पहिले घाटंजीले जाऊ. मंग पाहू."
पुढं बंद शटर, त्यावर पाल.
पाल सरकली.
"हळू घे," आई म्हणाली, "गतिरोधक हाय."

गाडी गेली. फर्मे अजून खिळ्याला लटकतात,
वाऱ्यानं त्यातली शेजारची सीट जास्त हलते.

परवा लोणबहेळच्या एका ट्रॅक्टरला
उरलेल्या कातड्याची पाइपिंग लावली मी,
आणि मडगार्डवर बसायला
एक बारकी गादी, न सांगितलेली.
मालक फिरून फिरून पाहत होता.
"आन् हे कायले, बाई?"
आईनं मशीनवरची मान उचलली नाही.
"पोट्टीले इचारा.
गाड्यातलं तिले समजते."