शाळा सोडल्याची तारीख

एकसष्ट नावं. शेवटचा पट.
माझगाव, दुसरा मजला, दारामागे तुटक्या बाकांची चळत,
आणि मी, पेडणेकर, लिपिक,
दाखल्यांची शीट भरतोय.

पहिल्या चौकटीत टाकलं ३० एप्रिल.
कोपऱ्यातला बारीक ठिपका धरला
आणि ओढत नेलं तळापर्यंत,
झोपलेल्या पोरांवर चादर ओढावी तसं.
बघतो तर मशीननं आपलं डोकं चालवलेलं.
अन्सारी गेला तीस एप्रिलला,
आंगचेकर एक मेला,
पुढचा दोनला.
भर सुट्टीत रोज एक पोर
दप्तर उचलून जिना उतरतंय.

लगेच पुसायला हवं होतं.
वाचत बसलो.
मे संपताना पाढ्यांना एकोणतीस आवाज.
वीस जूनला उरले नऊ,
खो-खोची एक बाजू, पळायला समोर कोणी नाही.
आणि तळाशी योगिनी हळदणकर,
एकोणतीस जून.
त्या दिवशी घंटा तिनंच द्यायची,
हजेरी तिनंच घ्यायची,
खिचडीचं अख्खं पातेलं तिचं.

"सर, ओढायचं नाही," अल्फिया म्हणाली.
कंत्राटावरची पोरगी, मेपर्यंतच आहे तीही.
"ओढलं की ते पुढचं मोजत जातं.
आधी सगळ्या चौकटी निवडा. एकदाच लिहा.
कंट्रोल दाबून धरा, मग एंटर."

धरला. दाबला.
एकसष्ट जण एका दमात
तीस एप्रिलला.
पातेलं, घंटा, योगिनीचे दोन महिने,
काही उरलं नाही.

मग वर्तणुकीचा रकाना. चांगली. एंटर.
शाईची दौत निरीक्षकांच्या बुटावर सांडणारा
पाष्टेसुद्धा चांगला.
कपाटात त्र्याऐंशी सालचं रजिस्टर आहे,
त्यात माझ्या नावापुढे "चांगली" नाही,
नुसत्या दोन टिकल्या: वरीलप्रमाणे.
वर पुसाळकर. वर्गातले बल्ब चोरायचा.
चाळीस वर्षं त्याच्या चांगुलपणावर
माझा चांगुलपणा टांगलेला.
या पोरांचं बरं आहे.
प्रत्येकाला आपापला पूर्ण शब्द.

आता एकच रकाना राहिला.
शाळा सोडल्याचे कारण.
एकसष्ट चौकटी निळ्या झाल्यात,
पहिलीत कर्सर लुकलुकतोय.
गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देतंय.
अल्फिया खुर्ची जवळ ओढते.
"तुम्ही लिहा सर," म्हणते,
"कंट्रोल मी दाबते."