वजा सोळा

हरिपूरच्या शाळेत, नववीला,
आवटीबाईंनी फळ्यावर लिहिलं:
क्ष चा वर्ग बरोबर दोनशे छप्पन्न.
मी लिहिलं, क्ष बरोबर सोळा.
खाली पट्टी लावून दोन रेघा मारल्या.
वही परत आली अर्धा गुण कापून,
समासात लाल शाई: "दुसरा कुठं गेला?"

दुसरा.
जसं काही मी कुणाला घरी ठेवून
एकटीच वर्गात आले होते.

बाई म्हणाल्या, सोळा सोळे दोनशे छप्पन्न
हे तुमच्या पाढ्यातलं.
आता वजा सोळाला वजा सोळानं गुणा.
तेवढेच.
वर्ग करताना खूण पुसली जाते, मुलींनो,
उत्तराकडं बघून कळत नाही
माणूस कुठल्या दारानं आत आला.
म्हणून मागं जाताना दोन्ही दारं ठोठवायची.

मग त्यांनी करणीचं चिन्ह काढलं, छपरासारखं.
हे चिन्ह असेल तर धन मूळ तेवढं घ्यायचं.
का?
तसं ठरलंय म्हणून. छपराखाली एकच राहील.
क्ष विचारला तर मात्र दोघांची नावं द्यायची.

रात्री अण्णांना सांगितलं तर घास हातात धरून हसले:
"करणी? आता शाळंत शिकवत्यात व्हय?"

रविवारी भाकरी घेऊन पेवावर गेले.
अण्णा रोजावर हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड आदल्या दिवशीच उघडून ठेवलेलं.
आधी दोरानं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं,
जळत राहिला तर माणूस.
त्या दिवशी जळत राहिला.

मी काठावर ओणवी झाले. किती खोल, अण्णा?
मातीत मुरलेला आवाज वर आला:
"सोळा फूट आसंल. सर माघारी."

शेजारच्या गोदामात पोत्यांची थप्पी
पत्र्याला टेकायला आलेली.
तीही सोळा असेल. मी तसं ठरवलं.
आणि मधे पेवाचं तोंड, जमिनीच्या पातळीला, शून्य.
शून्याला मूळ एकच असतं.
तिथं उभं राहिलं की धन नाही, ऋण नाही,
नुसतं ऊन.

काट्यावर शिकलगार हमाल वजन करत होता.
पोतं थप्पीतलं की पेवातलं
त्यानं एकदाही विचारलं नाही.
सगळी पिवळीच.

दहावीत चौरस वाफ्याचं क्षेत्रफळ यायचं
आणि गाईडात छापलेलं वाक्य:
लांबी ऋण नसते, म्हणून वजा सोळा सोडून दिले.
मी तसंच लिहायचे. पूर्ण गुण मिळायचे.
पण "सोडून दिले" लिहिताना
पेनावरची बोटं आवळायची,
हातात दोर असल्यासारखी.

पुढं कितीतरी पेवं पुरात बसली, काही बुजवली.
मी यार्डात अडत दुकानात हिशेब लिहिते,
जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या,
शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळली की घरी.
अण्णा ओट्यावर असतात. गुडघे गेलेत,
दोन पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत.
तळव्याच्या रेषांत मात्र अजून
कुठल्या साबणाला न जुमानणारा पिवळा.

परवा माळ्यावरची पेटी काढताना ती वही सापडली.
सोळाच्या डावीकडं मोकळी जागा आहे,
एक आडवी रेघ मावेल एवढी.
अण्णांना वाचून दाखवलं सगळं,
फळा, करणी, समासातली लाल ओळ,
सोळा फूट आणि वजा सोळा.

बराच वेळ वही उलटीसुलटी करत होते.
मग म्हणाले,
"म्हंजे अर्धा मार्क माझ्यापायी गेला व्हय तुझा?
मागून घ्यायचास की गं. मी खालीच हुतो."