घोटा भिजला

आटपाट नगर होतं, क्षेमकल्याणीबाई सांगू लागल्या,
(पोस्टाची आरडी गोळा करतात, भांडीबाजारातून येता येता
गंगेच्या पायरीवर टेकतात.)
तिथला एक वाणी रोज मूठभर तांदूळ
रांजणात टाकी, आणि विसरून जाई.

दोरीला लोहचुंबक बांधून
रामकुंडात नाणी धुंडाळणारा खंडू
ओल्या चड्डीत ऐकत होता.
'आणि मूठच रिकामी, त्या दिवशी?'

बाईंनी पावतीपुस्तक मिटलं.
हे गोष्टीत नव्हतं.

समोर दुतोंड्या मारुती.
पूर आला की अख्खं नाशिक
त्याच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर पाणी मोजतं.
'उन्हाळ्यात कोरडाच असतो,' बाई म्हणाल्या,
'जागा सोडत नाही.'

खंडूनं बराच वेळ चुंबक पुसला.
मग एक शेवाळलेलं नाणं
त्यांच्या तळहातावर ठेवलं :
'लिहा. घोटा भिजला.'