जडवस्तू संग्रह नोंदवही

पान एकशे बारा.
पृथ्वीगोल, नग एक.
खरेदी माझ्या नोकरीच्या आधीची, किमतीची शाई उडालेली.
आस मोडलेला, उत्तर ध्रुव गहाळ.
शेरा : निर्लेखनास पात्र.

म्हणजे पृथ्वी खोडायला कुणाची हरकत नाही,
फक्त वॉर्डातून सही यायची आहे.
अकरा वर्षं झाली.
तोवर ती कपाटावर, हार्मोनियमशेजारी,
जिचा भाता उंदरांनी नेला. पान एकशे तेरा.

शिवडीची आमची शाळा आता फक्त तिसरा मजला.
खालचे दोन इंग्रजी माध्यमाला गेले,
जिना तेवढा सामायिक.

अनुदान येतं अठ्ठावीस मार्चला, संध्याकाळी,
परतीचं तिकीट खिशात घेतलेल्या पाहुण्यासारखं.
एकतीसला उरेल ते परत.
बेलोसे बाई म्हणतात, वर्षभर कडकडीत उपास
आणि तीन दिवसांत बारसं, मुंज, लग्न.

यंदा दृक्‌श्राव्य साहित्यात टीव्ही आला.
पंचावन्न इंची. वर्गात प्लग नाही.
प्लग विद्युत दुरुस्तीत बसतो, त्या शीर्षाखाली शून्य.
टीव्हीच्या पैशांतून एक प्लग घेऊ का, मी विचारलं.
कारकून असा बघत राहिला
जसं मी देवाच्या पेटीतून रिक्षाचं भाडं मागितलंय.

मग विनियोग प्रमाणपत्र लिहिलं :
निधी पूर्णतः व विहित कारणासाठीच खर्च झाला.
सही माझी.

खोका मात्र कामाला आला.
चौथीच्या पोरांनी त्याला खिडकी पाडली,
आत समाधान खिल्लारे साहेब होऊन बसला.
बाहेर रांग.
"पेन्सिल पाहिजे? अर्ज आणलाय? उद्या या."
मी हसले. नंतर खडू आणायला खाली गेले,
स्वतःचे पैसे घेऊन, नेहमीसारखी.
पदरमोडीला या वहीत रकाना नाही.

जूनमध्ये करुणा पगारे म्हणाली,
बाई, मोनरोव्हिया कुठंय?
तिचे वडील दारूखान्यात जहाजं कापतात.
या महिन्यातल्या जहाजाच्या पाठीवर
तेच नाव होतं, हातभर अक्षरांत.
मी स्टुलावर चढून पृथ्वी उतरवली.
आम्ही शोधत राहिलो, ती गडगडत राहिली,
आफ्रिका दरवेळी बाकाखाली.
करुणा म्हणाली, एक दिवस घरी नेऊ?

चार दिवसांनी पृथ्वी परत आली
उभी.
आस नवा, जहाजाच्या कठड्याच्या सळईचा,
खाली बूड म्हणून एक जाड पितळी चकती.
ध्रुवाच्या जागी वितळलेल्या शिशाचा थेंब.
इतकी जड, की दोघींनी धरून जिना चढवली.

ऑगस्टमध्ये लेखापरीक्षक आले.
"पृथ्वी कुठे आहे?"
कपाटावर धुळीत एक गोल रिकामा होता.
दाखवली. त्यांनी चष्मा वर केला,
एका बोटानं फिरवली, थांबेपर्यंत थांबले,
आणि लाल शाईत लिहिलं :
वस्तू आढळली. दुरुस्तीचं प्रमाणक नाही.
सात दिवसांत खुलासा करावा.

तरी खुलासा सादर.
सोबत जोडायला कागद नाही.
पगारे यांनी मजुरी सांगितली नाही,
मी विचारलं तेव्हा ते हात पुसत राहिले.
वस्तू सध्या दुसऱ्या बाकावर आहे,
फिरताना किंचित डावीकडे झुकते,
आणि मोनरोव्हियापाशी
बोटं लागून लागून रंग उडाला आहे.