एकसष्ट टक्के

उणे एकतीस. उलानबातरचा नरानतूल बाजार,
कंटेनर क्रमांक दोनशे आठ.
आत ओदगेरेल, दोन हीटर, एक सूक्ष्मदर्शक,
आणि काउंटरवर गोम्बोसुरेनचा फोन:
कंपनीचं नाव दाखवतो, विझतो,
पुन्हा नाव दाखवतो, पुन्हा विझतो,
काहीही विचारलं तरी नाव तेवढं सांगणाऱ्या
जत्रेत चुकलेल्या पोरासारखा.

"काय करत होतात?"
"मी काही नाही. त्यानेच विचारलं, नवं टाकू का.
हो म्हटलं. घोड्यावर होतो."

बॅटरी चाळीस टक्के होती, पण त्या थंडीत
चाळीस म्हणजे चार.
एकसष्टावर पोचला आणि मान टाकली त्याने.
जुनं बिऱ्हाड अर्धं उचललेलं,
नवं अर्धं लागलेलं,
आणि किल्ली कुणाकडेच नाही.

ती आधी हत्यारं काढत नाही.
फोन काखेत धरते, मेंढीच्या कातड्याच्या अंगरख्याआत,
जसं फेब्रुवारीत जन्मलेलं कोकरू धरतात.
गोम्बोसुरेनला हे पटतं.
लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढला असता तर
तो फोन घेऊन निघून गेला असता.

मग अर्धा तास चार्जर. मिठाचा चहा.
मग आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकदम दाबायचं,
नाव उमटलं की एक सोडायचं, एक नाही.
काळ्या पडद्यावर बारीक ओळी उगवतात.
त्यातली एक: सगळं पुसून टाका.
पाच मिनिटांचं काम.
शेजारचा बातजोरिग तेच करतो
आणि वर पैसे जास्त घेतो.

"काय काय आहे यात?"
"घोडे."
सत्तावीस. एका घोडीच्या गळ्यात पट्टा,
ती नकाशावर निळा ठिपका होऊन चरते.
"ते जाऊ दे. वारा वायव्येचा असला
की ते टेकडीमागे असतात.
हे मला फोनने शिकवलेलं नाही."

चहा संपवतो. टोपी काढतो, पुन्हा घालतो.
"बुद्धिबळ आहे. खोव्दच्या एका माणसाबरोबर.
त्याला कधी पाहिलेला नाही.
एकतिसावी चाल. माझी.
आज रात्रीपर्यंत."
पासवर्ड?
नातवाने टाकला होता. नातू सीमेवर, सैन्यात,
त्याचा फोन रविवारी लागतो.
आज मंगळवार.

म्हणजे पुसायचं नाही.
केबल लावते. संगणक ते पुडकं
पुन्हा पहिल्यापासून पाठवू लागतो:
दहा, अठरा, तीस,
सत्तेचाळीस.
सत्तेचाळीस.
आपल्याकडे अशा वेळी विचारतात,
घोडं कुठे पेंड खातंय?
ते केबलमध्ये पेंड खात होतं:
गुलाबी, स्वस्तातली, तिच्या मुलीची,
टोकाशी कुणीतरी चावलेली.

ड्रॉवर उपसून दुसरी काढते, आखूड, जाड,
कॉलरसारखी ताठ.
पुन्हा शून्य.
एवढ्यात बाहेर कुणीतरी बर्फावर घसरतं,
शिवी देतं, दोघं हसतात,
आणि पाहतात तर छप्पन्न.
एकसष्टला दोघंही गप्प.
बासष्ट.

उरलेलं सांगण्यासारखं नाही. पट्टी भरत गेली.
फोनने नाव दाखवलं, या खेपेला पुढेही काही बोलला.
गंगेत घोडं न्हालं म्हणावं,
पण इथली नदी तूल,
आणि ती एप्रिलपर्यंत दगड.

नकाशा आपोआप उघडतो. निळा ठिपका
टेकडीमागे.
तो पाहतही नाही. पट उघडतो,
हातमोजा दातांनी काढतो,
बोट घोड्यावर ठेवतो, उचलतो,
उंटावर नेतो, तिथेही थांबतो.

"आठ हजार तुग्रिक," ओदगेरेल म्हणते.
"आणि पुढच्या वेळी घरात, पूर्ण चार्ज करून.
नाहीतर सरळ 'नंतर' दाबा."
ऐकू गेलं नाही.
दारात तीन गिऱ्हाइकं, दार सताड उघडं,
थंडी आत येऊन तिच्या टेबलावरच्या
बारीक स्क्रूंना हात लावतेय.
ती दार लावा म्हणते. पुन्हा म्हणते.
मग स्वतः उठून, त्याच्या खांद्यावरून
पट पाहते,
आणि दार तसंच राहतं.