चोवीस तारीख

नोव्हेंबर लागल्यापासून सुपरमार्केटात तीच गाणी.
बटाटे घेताना तीच, फिनेल घेताना तीच.
मी काही वाईट बाई नाही,
पण परवा कांद्यांपुढे उभी राहून
कानांत बोटं घातली.

दिव्यांच्या माळा काढायच्या होत्या. खोका पलंगाखालीच आहे.
जानेवारीत रत्नाकरनं गुंडाळल्या तशाच,
वायरीच्या वेढ्यांना त्याच्या कोपराचं माप.
उलगडल्या तर माप जाईल,
राहू दिल्या.

संगमनेरहून दोर्कसचा फोन.
मागे कढईचा आवाज, कुणीतरी ओरडतंय सारण संपलं.
"तिकडे तर खराखुरा नाताळ असेल, नाही का गं? बर्फबिर्फ?"
म्हटलं, ग्रिम्सबीत पाऊस आहे. आडवा.
गोदीवरून येतो, मासळीचा वास घेऊन,
आणि साडेतीनला काळोख.
प्रार्थना कर, म्हणाली.
केली.
म्हणजे ओठ हलवले.
लहानपणी पाठ केलेलं सगळं ओळीनं आलं
बसच्या थांब्यांसारखं,
मी कुठेच उतरले नाही.

केअर होममध्ये अकरा नंबरला मिस्टर ब्लँचर्ड.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर, पार आइसलंडपर्यंत.
आता खिडकी ते संडास एवढीच सफर.
रोज चहाच्या वेळी विचारतात, नाताळ कधी?
रोज. बाहेर ट्यूलिप फुललेले असताना.
जुलैत, पंखा लावून.
एप्रिलमध्ये पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं,
अजून आठ महिने,
तर चेहरा असा पडला
की बिस्किट मीच चहात बुडवून त्यांच्या तोंडात दिलं.
दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, उद्या.
उद्या, मिस्टर ब्लँचर्ड.
ते मान हलवायचे, हिशेब जुळल्यासारखी,
आणि रात्री नीट झोपायचे.
दीडशे वेळा तरी खोटं बोलले असेन,
रत्नाकर गेला तो पंधरवडा सोडून.
त्या दिवसांत त्यांना उद्या कोण म्हणालं,
विचारायचं राहूनच गेलं.

आज चोवीस.
माझी पाळी दोन ते दहा.
ट्रेसी डोक्यावर हरणाची शिंगं लावून रक्तदाब तपासतेय.
मी चहा नेला. बिस्किटं दोन,
आणि आजच्यासाठी तिसरं, ताऱ्याच्या आकाराचं, वर साखर.
वर्षातून एकदाच खरं होणारं वाक्य
जिभेवर तयार ठेवून उभी राहिले.

ते खिडकीबाहेर बघत होते.
चहा प्याले. तारा बशीच्या कडेला सरकवला.
विचारलं नाही.

मी चादर ओढली, ओढलेलीच होती.
पाण्याचा जग भरला, ओतला, भरला.
नऊ नंबरची घंटा वाजली, जाऊन आले.
आठ. साडेआठ.
इतकी वाट मी रत्नाकरच्या रिपोर्टचीसुद्धा पाहिली नव्हती.
तो काय येणार ते माहीत होतं.

शेवटी मीच म्हटलं,
मिस्टर ब्लँचर्ड, काही विचारायचंय का मला?
त्यांनी पाहिलं, लांबचं पाहतात तसं, डोळे बारीक करून.
"बस बंद झाल्या का गं, पोरी?"
मी निघेपर्यंत होतील. उद्या तर दिवसभर नाहीत.
"मग घरी कशी जाणार?"
चालत.
बराच वेळ काही नाही.
मग बशीतला तारा कागदी रुमालात ठेवला,
घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली,
खलाशाच्या बोटांनी, थरथरत,
आणि माझ्या खिशात कोंबला.
"वाटेत भूक लागते."

दहा वाजून गेलेत. पाऊस आडवाच.
बंद चिप्सच्या दुकानापाशी, पागोळीखाली,
रुमाल सोडला. एक टोक मोडलेलं.
खाल्ला. नुसती साखर. दातात बसली.

घरी खोका पलंगाखाली आहे.
उद्या, मी मोठ्यानं म्हणाले,
मराठीत,
आणि छत्री उलटी झाली ती सरळ करत बसले.