घरी माणूस आहे ना

दोन कागद दिले डॉक्टर कार्लेकरांनी,
एकाच क्लिपला लावून.
एकावर चार रात्री, दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार.
दुसऱ्यावर एकही रात्र नाही:
सकाळी सातला गुडघा बदलायचा,
दिवेलागणीला घरी.
एक लाख ब्याण्णव.

मी रबाळ्याच्या कारखान्यात व्हाउचर तपासते.
फरक मनातच निघाला, शहाऐंशी हजार,
आणि सवयीने विचारलं,
कमी कुठे झालंय?

म्हणाले, खोलीत. नर्समध्ये. जेवणात.
सांधा तोच, सिमेंट तेच, हात माझेच.
यांची शुगर काबूत आहे, हृदय चांगलं आहे,
अशा पेशंटला घरी नेण्यात
जास्तीचा धोका मला दिसत नाही.
मग पेन थांबवून:
घरी माणूस आहे ना?

आहे, म्हणाले मी.
फॉर्मवर त्या माणसासाठी एक ओळ होती.
नाव, वय, मोबाईल.
दराचा रकाना नव्हता.

थोरला भाऊ फोनवर म्हणाला,
पैशाकडे बघू नकोस, चार दिवस ठेव.
चार रात्री तिथे बाकड्यावर कोण झोपणार,
ते काही बोलण्यात निघालं नाही.
विमावाला म्हणाला, चोवीस तास भरले नाहीत
तर बघावं लागेल, मॅडम.
बघणं तीन आठवडे चाललं.

आई तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं
कांदा निवडायची,
गाळ्याच्या दारात, उकिडवी.
चांगला डावीकडे, डागी उजवीकडे,
कोंब आलेला पदराआड, आमच्यासाठी.
गर्भाशय काढलं तेव्हा आठ दिवस राहिली होती दवाखान्यात.
तिसऱ्या रात्री बेल दाबून दाबून थकली,
स्वतःच उठली
आणि मोरीत पडली.
म्हणून रात्रींचे आकडे वाचून दाखवले
तेव्हा ऐकलंसं केलं फक्त.
तिचा प्रश्न एकच,
जिना कोण चढवणार?

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, दुसरा मजला,
अठ्ठावीस पायऱ्या.
रविवारी तिने तालीम घेतली.
मी मागे, तिच्या कमरेचा पट्टा धरून.
अकराव्या पायरीवर थांबली,
म्हणाली, आता मी पडते बघ.
आणि खरंच सोडलं अंग.

धरलं मी.
कठड्यावर कोपर फुटलं माझं.
खालून चोरघेवहिनी ओरडल्या, काय झालं गं?
आई साडी सारखी करत म्हणाली,
जमेल हिला.

अकरा दिवस बिनपगारी रजा टाकली.

सातला आत, दुपारी दोनला वॉकरवर चार पावलं,
साडेसहाला रिक्षा नको म्हणून चोरघ्यांची गाडी,
अठ्ठावीस पायऱ्या,
मध्ये दोनदा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून.
मला वाटलं, झालं.

बधिरपणा उतरला रात्री अडीचला.
तिने उशीचा अभ्रा दातांत धरला.
फ्रिजवर चिकटवलेला नंबर लावला,
पलीकडची मुलगी खरोखर जागी होती.
गोळी कधी दिली? अंगठा हलतो का?
पोटरी गरम लागते का, घट्ट?
दाबून बघा, मॅडम.

दाबली.
पण मला काय कळतं?
मला खाडाखोड कळते,
मागची तारीख घातलेली सही कळते.
पोटरी पोटरीसारखीच लागत होती.
हे काम कोणीतरी शिकून, पगारावर,
पांढऱ्या दिव्याखाली करतं,
आणि इथे मी, गाऊनवर, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून.

तेवढ्यात आईच म्हणाली,
असं नाही. अंगठ्यानं. दमानं.
वरनं समदेच कोरडे दिसत्यात,
माल आतनं जातो.
माझा अंगठा धरला
आणि आपल्याच पोटरीवर
घोट्यापासून वर वर नेला,
थांबत, थांबत,
देठाकडे जरा जास्त.

हा चांगला, म्हणाली.
डावीकडे टाक.

मग डोळे मिटून घेतले.
फोन चालूच होता गादीवर.
मॅडम? ती मुलगी विचारत होती.
मॅडम, कळलं का काही?